तुम्ही विचारलंत म्हणून : मोफत पुस्तकाने विद्यार्थी जास्त शिकतो का?

माझ्या वर्गात मुक्त परवान्याची, म्हणजे कोणालाही प्रती काढून वापरता येणारी, मोफत पाठ्यपुस्तके लावलेली असतात हे कळले, की सहकारी प्राध्यापक हटकून विचारतात : याने विद्यार्थी खरेच जास्त शिकतात का? माझे उत्तर असे, की ज्याच्या हाती पुस्तक एरवी आलेच नसते, तो शिकतो. ज्याने ते विकत घेतलेच असते, त्याच्या शिकण्यात फारसा फरक पडत नाही.

2019 मध्ये क्लिंटन आणि खान या संशोधकांनी 22 अभ्यासांतील एक लाखाहून अधिक विद्यार्थ्यांची आकडेवारी एकत्र तपासली. मोफत आणि विकतच्या पुस्तकांवर शिकणाऱ्यांच्या यशात त्यांना लक्षणीय अंतर आढळले नाही. मात्र मोफत पुस्तक असलेल्या वर्गांत अभ्यासक्रम मध्येच सोडणारे कमी होते. हे ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो, पण सरासरीत काय दडते ते पाहिले पाहिजे. 100 जणांच्या वर्गात 80 जणांकडे पुस्तक तसेही असणार असेल, तर उरलेल्या 20 जणांना झालेला लाभ सरासरीत एक पंचमांशच दिसतो. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तकांच्या उपक्रमाची पुस्तके लावल्यानंतरचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा गुण सर्वांचेच सुधारलेले दिसले, परंतु गरजूंसाठीची पेल शिष्यवृत्ती घेणारे आणि अर्धवेळ शिकणारे यांच्यात ती सुधारणा अधिक होती.

पुस्तक नसणे म्हणजे नेमके काय, हे गृहपाठ तपासताना कळते. जुनी आवृत्ती मागून आणलेला विद्यार्थी सातव्या प्रकरणातील बारावे उदाहरण मनापासून सोडवतो, आणि नव्या आवृत्तीत क्रम बदललेला असल्यामुळे ते भलतेच निघते. त्याची मांडणी बिनचूक असते, गुण मात्र शून्य. मला हे फार लागते, कारण येथे अभ्यासात कसूर झालेलीच नसते.

अर्थात मोफत मिळालेले पुस्तक आपोआप वाचले जात नाही. तासाला त्यातला उतारा उघडून त्यावर प्रश्न विचारले नाहीत, तर ते फोनमध्ये तसेच पडून राहते. शिवाय माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर थोडा बरा समजतो, असे संशोधन सांगते. मुक्त परवाना छपाईची मुभा देतो, म्हणून सत्र सुरू होण्यापूर्वीच काही छापील प्रती ग्रंथालयात ठेवाव्यात, असा आग्रह मी धरतो.