३१ मार्चच्या रात्रीची बिलं

इंदूरच्या सराफ्यातल्या, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातल्या, एका नाश्ता-मिठाईच्या दुकानात जून २०२४ पासून आमचं बिलिंग सॉफ्टवेअर चालतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या मुनीमजींनी एका बिलाचा फोटो पाठवला. थर्मल कागदाची पट्टी, तारीख ०१/०४/२०२५, वेळ ००:१२, आणि क्रमांक २४-२५ च्या मालिकेतला. "तारीख नव्या वर्षाची, नंबर जुन्या वर्षाचा. हे कसं काय?"

जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग हवा, जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा, आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. म्हणून १ एप्रिलला मालिका बदलते. छापलेली तारीख काउंटरवरच्या कॉम्प्युटरची, मालिका मात्र सर्व्हर ठरवतो. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्याच्या लेखी पहाटे साडेपाचपर्यंत ३१ मार्चच होता.

आम्ही सात जण. टेस्टिंग सकाळी अकरा ते संध्याकाळी सात. त्या वेळात दोन्ही घड्याळांची तारीख एकच, चूक सापडणार कशी? इंदूरमध्ये राहून, सराफ्यात रात्री दोनपर्यंत गर्दी असते हे माहीत असून, बारानंतरचं एकही बिल आम्ही फाडून पाहिलं नाही. हा निष्काळजीपणाच.

बरं, नऊ महिने हे लपलं कसं? दुकान रात्री आठला लागतं, दोनला बंद होतं. यूटीसीत ते दुपारी अडीच ते रात्री साडेआठ, म्हणजे अख्खी रात्र एकाच तारखेत. गल्ला आणि रोजचा रिपोर्ट चोख जुळायचा. फक्त महिनाअखेरीची बारानंतरची विक्री मागच्या महिन्याच्या जीएसटी विवरणात जायची. कर महिनाभर आधी भरला जायचा, बुडत नव्हता. म्हणून कुणी विचारलं नाही.

सहकाऱ्याने घाईत रिपोर्टच्या क्वेरीत कन्व्हर्ट-टीझेड हे वेळ बदलून देणारं फंक्शन घातलं, 'एशिया/कोलकाता' नावासह. त्याच्या लॅपटॉपवर चाललं. सर्व्हरवरच्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये टाइमझोनचे तक्ते भरलेलेच नव्हते, त्यामुळे एररही न देता उत्तर नल, म्हणजे रिकामं, आलं आणि रिपोर्ट कोरा. नावाऐवजी '+०५:३०' दिलं की तक्ते लागत नाहीत, आणि आपल्याकडे घड्याळ उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलत नाही, म्हणून ते पुरतं. तारखा सुधारल्या, तर मालकांचा फोन: "एका रात्रीचे दोन तुकडे का झाले?"

त्यांचंही बरोबर होतं. कायद्याची तारीख बाराला बदलते, दुकानाचा दिवस शटर पडल्यावर. आता प्रत्येक बिलात दोन रकाने आहेत: बिलाची तारीख, जिच्यावरून मालिका आणि विवरण ठरतं, आणि धंद्याचा दिवस, जो पहाटे पाचला बदलतो आणि ज्याच्याशी गल्ला जुळवतात.

त्या रात्रीच्या ४१ बिलांबद्दल सीएंनी सांगितलं, ग्राहकाच्या हातात गेलेला नंबर बदलायचा नाही. मार्चचं विवरण ११ एप्रिलच्या आत जायचं होतं. त्यातून ती काढली आणि एप्रिलच्या विवरणातल्या तक्ता १३ मध्ये, जिथे बिलांचे क्रमांक द्यायचे असतात, वेगळी मालिका म्हणून दाखवायचं ठरलं.

आधीच्या नऊ महिनाअखेरींची यादीही मी काढली आहे, बिल क्रमांक आणि रकमेसकट. ती मुनीमजींना द्यायलाच हवी, असं माझं म्हणणं आहे. विक्री सांभाळणारे भागीदार म्हणतात, कर तर बुडाला नाही, मग कशाला. यादी अजून माझ्याकडेच आहे.