लास व्हेगासचं झुडूप आणि माडग्याळची मेंढरं

लास व्हेगास म्हटलं की जतकरांच्या डोळ्यापुढं दिवे आणि जुगार येतो. पण शहराबाहेर गाडी काढली की मोजावेचं वाळवंट सुरू होतं. वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस, त्यापुढं आपला सांगलीतला दुष्काळी जत तालुकाही बागायती वाटावा! मैलोनमैल दोनच झुडपं दिसतात: उंच, चिकट पानांचं क्रिओसोट आणि त्याच्या आसपास गुडघाभर वाढणारं राखाडी बर्रोबुश. पर्यटक दोन्हींकडं ढुंकून बघत नाहीत. मला बर्रोबुश आवडतं.

कूळ सूर्यफूल, करडई, झेंडूचं, पण थाट काहीच नाही. ना पाकळ्या, ना रंग. फांदीच्या टोकाला हिरवट-पिवळट मण्यांचा तुरा, त्यातच नर आणि मादी फुलं मिसळलेली. कीटकांची मनधरणी करायचीच नाही, सगळी भिस्त वाऱ्यावर. वाऱ्याला नेम नसतो, म्हणून पराग वारेमाप. वसंतात तुऱ्याला टिचकी मारली की पिवळी धूळ उडते आणि माझ्या शिंका सुरू होतात. शिंकांसाठी अमेरिकाभर बदनाम असलेलं रॅगवीड याचंच भावंड. पाणी तुटलं की बर्रोबुश पानं गाळून काटकीसारखं उभं राहतं.

मुळांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. ब्रूस महल आणि रॅगन कॅलवे या शास्त्रज्ञांनी १९९१ साली दाखवलं की बर्रोबुशचं मूळ दुसऱ्या बर्रोबुशच्या मुळाला टेकलं की त्याची वाढ मंदावते. क्रिओसोट त्याहून खडूस. त्याच्या मुळांजवळ आलेल्या आपल्या-परक्या दोन्ही मुळांची वाढ खुंटते.

हे सगळं व्हिडिओ कॉलवर जत तालुक्यातल्या माडग्याळच्या नानांना रंगवून सांगत होतो. नानांची मेंढरं मागं बसलेली.

"मेंढरं तोंड लावत्यात का त्याला?"

"लावतात की. रानटी गाढवंही खातात."

"आन बोंड?"

मी कॅमेरा जवळ नेला. करडाच्या दाण्याएवढं बोंड, अंगभर काटे. आपल्याकडच्या लांडगा (शंखेश्वर) या तणाचं बोंड याहून मोठं, पण जवळच्या नात्यातलंच. तेही वाऱ्यावरच फळतं.

"लोकरीत अडकत असंल."

"अडकतं."

"मग बी-बी काय आणू नगंस. गव्हाबरुबर गाजरगवत आलंय त्येवढं बास झालं," म्हणत नानांनी फोन काकूंकडं दिला.