तेवीस क्रूस, त्यांतला एक आमचा

लंडनचे पहिले चार दिवस सगळ्यांचे जातात तसेच गेले. पूल, राजवाडा, रांगा, पाऊस. पाचव्या दिवशी मी एकटीच ब्रिटिश म्युझियमच्या छापचित्रांच्या अभ्यासिकेत गेले. वेळ आधी घेतली होती, बॅग बाहेर ठेवली, हातात फक्त पेन्सिल आणि वही.

मी वसईची. संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईत जन्मले. गासचं चर्च त्यांच्याच नावाचं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर बांधून, भाल्यांनी भोसकून मारलेल्या २६ रक्तसाक्षींपैकी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेल्यांपैकी, ते एक. फ्रान्समधल्या नान्सीच्या जाक कालोनं १६२७च्या सुमारास त्या प्रसंगाचं एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लानं कोरून छापलेलं चित्र, केलं होतं. ते कळल्यापासून मला ते बघायचंच होतं.

कागद पोस्टकार्डापेक्षा थोडासाच मोठा! मी क्रूस मोजले. तेवीस. १६२७ साली सगळ्यांनाच धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं, पण चित्रात गोन्सालोंसह फक्त फ्रान्सिस्कन संघाचे तेवीस आहेत, जेझुइट या दुसऱ्या धर्मसंघाचे तिघे नाहीत. हे मला फार लागलं. क्योतोहून भर थंडीत महिनाभर एकत्र चालवत आणलेली माणसं ती. त्यांना कागदावर तरी वेगळं करायला नको होतं.

मग भिंग घेतलं. तांब्याच्या पत्र्यावर कालो वाद्यं बनवणाऱ्यांचं कडक व्हार्निश लावायचा, तिरक्या टोकाच्या सुईनं रेघा ओढायचा आणि पत्रा आम्लाला द्यायचा. त्यामुळे त्याची एकच रेघ केसासारखी निघते, मध्ये फुगते, पुन्हा बारीक होते. एवढा हात, एवढी नजर! जपान त्यानं कधी पाहिला नव्हता. मी एकेका क्रुसावर थांबत गेले, चेहरे नखाएवढेही नाहीत. आमचे गोन्सालो कुठले, ते कळेना. डोळे भरून आले म्हणून भिंग खाली ठेवलं, कागदावर थेंब पडू नये एवढीच काळजी.

संध्याकाळी आईला फोटो पाठवला. तिनं लगेच फोन केला.

"आपले कुठले गं?"

"नाही कळत, आई."

"डावा कान बघ ना. त्यांचा कापला होता."

"आई, क्योतोहून निघालेल्या सगळ्यांचेच कापले होते."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, फोटो मोठा करून छापून आण.