जनरेटर दणक्यात सुरू झाला, मोटर मात्र उचलेना

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धनकडच्या आमच्या गावातली लाईट गेली ती महिनाभर. विहिरीत पाणी होतं, पण रहाट आम्ही केव्हाच काढून टाकलेला. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळाने पुन्हा अंधार केला, तेव्हा ठरवलं, आता जनरेटर घ्यायचाच.

दुकानदाराने बिलाच्या मागेच हिशेब मांडला. "विहिरीवरची मोटर एक एचपी, म्हणजे 746 वॅट. फ्रिज दीडशे, चार पंखे तीनशे. झाले बाराशे. 2.1 केव्हीएचा, म्हणजे 2100 व्होल्ट-अँपिअरचा न्या, वर जागा उरते." बेरीज इतकी सरळ होती की मलाही पटली.

घरी आणून दोरी ओढली, पंखे फिरले, आई खूश. मग मोटरचा खटका दाबला. घुंऽऽ आवाज, दिवे मंद, जनरेटरला ठसका आणि सगळं बंद. तीनदा तेच.

दुकानदाराला फोन केला. "मोटर बाद असेल." अहो, एरवी लाईटवर टाकी वीस मिनिटांत भरते! मग "पेट्रोलमध्ये पाणी असेल." पेट्रोल बदललं. मग "वायर बारीक आहे." जाड वायर आणली, तीही त्याच्याच दुकानातून (हे आठवलं की अजून चिडचिड होते). चौथ्या खेपेला डिकीत जनरेटर घालूनच गेलो, तर "वापरलेला माल परत होत नाही." मोठा घ्यायचा तर पूर्ण पैसे. मी तिथे आवाज चढवला, उपयोग शून्य.

कोडं सोडवलं आमच्या वायरमनने, चहा पिता पिता. "दादा, 746 वॅट मोटर देते. खाते किती ते पाटीवर बघा." पाटीवर 7.5 अँपिअर. गुणिले 230, म्हणजे 1725 व्होल्ट-अँपिअर नुसतं चालताना. आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या तिप्पट-चौपट, कधी त्याहूनही जास्त. 2.1 कुठे पुरणार? शिवाय खोक्यावरचा मोठा आकडा मॅक्सिममचा असतो, सतत चालायचा रेटेड आकडा त्याहून कमी. फ्रिजचंही तेच. दीडशे वॅट म्हणतात, पण कॉम्प्रेसर उचलताना तोही झटका मारतो.

मग त्यानेच सुचवलं, "जनरेटर मोठा करण्यापेक्षा मोटर लहान करा." अर्ध्या एचपीची बसवली. टाकी भरायला दुप्पट वेळ लागतो, लागू दे. फक्त आधी एकटी मोटर चालवायची, ती बंद झाली की फ्रिज, मग पंखे. इस्त्री आणि गीझरचं नाव काढायचं नाही.

हो, एक राहिलं. चेंजओव्हर स्विच (एका वेळी बाहेरची लाईट किंवा जनरेटर, एकच जोडणारा खटका) बसवल्याशिवाय घराच्या वायरिंगला जनरेटर जोडू नका. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर सॉकेटमध्ये घालणारे आमच्या वाडीतही आहेत. ती वीज उलटी खांबावर जाते आणि तिथे चढलेला लाईनमन मरतो. आणि पाऊस लागतो म्हणून जनरेटर पडवीत ओढू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. आमचा मागच्या अंगणात, खिडक्यांपासून लांब, चार खांबांवरच्या पत्र्याखाली असतो.

जुनी एक एचपीची मोटर पडवीत पडून आहे. परवा त्याच दुकानदाराने निरोप धाडला, विकायची आहे का म्हणून.