दोन गोऱ्हे आणि एक राजकवी : ई-पुस्तकांच्या मेटाडेटाची नोंद

टाइप केलेल्या फाइलींची ई-पुस्तकं करायचं, म्हणजे कन्व्हर्जनचं, गाडं आता रुळावर आलंय. वर्डची फाइल कॅलिबर या ई-पुस्तकं बनवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की थोड्या वेळात ई-पब (ई-पुस्तकाची फाइल) हातात येतं, त्यात लिहिण्यासारखं फार काही उरलेलं नाही. सगळा वेळ जातोय तो मेटाडेटात, म्हणजे शीर्षक, लेखक, तारीख, भाषा अशा पुस्तकाबद्दलच्या माहितीत, म्हणून ही नोंद पूर्ण त्यावरच.

नव्यांसाठी थोडक्यात: बडोद्याच्या दांडिया बाजारातले आम्ही काही जण लेखकहक्क संपलेली जुनी मराठी पुस्तकं टाइप करतो, शक्यतो बडोदे संस्थानच्या काळातली. कोणी वर्डमध्ये टाइप करतं, कोणी लिबरऑफिसमध्ये, आणि काही मजकूर पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या जुन्या पीडीएफमधून येतो. प्रत्येक फाइल आपली जन्मखूण घेऊन येते. वर्डच्या डॉक्सएक्समध्ये लेखकाचं नाव आपोआप भरलेलं असतं, पण ते पुस्तकाच्या लेखकाचं नव्हे, ज्या कॉम्प्युटरवर फाइल तयार झाली त्याच्या मालकाचं. कॅलिबर ते इमानेइतबारे उचलतं. परिणामी आमच्या लायब्ररीत ‘युजर’ आणि ‘अॅडमिन’ हे दोन अत्यंत बहुप्रसव लेखक होऊन बसले होते.

पीडीएफची तऱ्हा आणखी वेगळी. शीर्षकाच्या जागी पेजमेकरच्या फाइलचं नाव, शेपटासकट. आणि कुणी शीर्षक कृतिदेवमध्ये (रोमन अक्षरांना देवनागरी रूप देणारा जुना फॉन्ट) भरलं असेल तर बघायलाच नको. मेटाडेटाच्या रकान्याला फॉन्ट नसतो, त्यामुळे पानावर ‘मराठी’ दिसणारा शब्द तिथे ई, जे, के, मोठा बी, एच असा रोमन अक्षरांत उघडा पडतो. मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर चालणाऱ्या देवनागरीत) नेताना शीर्षक आणि लेखक हे रकाने कन्व्हर्टरला आठवणीने द्यावे लागतात, ते आपोआप बदलत नाहीत.

माझं मत आता पक्कं झालंय: मेटाडेटा मूळ फाइलमध्येच भरायचा. लिबरऑफिसमध्ये फाइल, मग प्रॉपर्टीज, मग डिस्क्रिप्शन. कॅलिबरच्या कन्व्हर्ट खिडकीतही पहिलंच पान मेटाडेटाचं आहे आणि तिथे भरलेलं ई-पबमध्ये उतरतं. पण प्रुफं येत राहतात, दुरुस्त फाइल नवी म्हणून पुन्हा टाकली जाते आणि तेच रकाने परत भरत बसावं लागतं.

आता गोऱ्हे. कवी चंद्रशेखर, बडोद्याचे राजकवी, पूर्ण नाव चंद्रशेखर शिवराम गोऱ्हे. त्यांच्या कविता दोघांनी टाइप केल्या आणि कॅलिबरच्या लेखकयादीत दोन गोऱ्हे अवतरले. डोळ्यांना अक्षर न् अक्षर सारखं. फरक त्या अर्ध्या र मध्ये होता. एकाच्या कीबोर्डने ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडला होता, दुसऱ्याच्या कीबोर्डने साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडणारं चिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. युनिकोडमध्ये दोन्ही चालतं, पण मशीनच्या लेखी ही दोन वेगळी नावं. कुऱ्हाडे, बऱ्हाणपूरकर, तऱ्हाळकर, सगळ्यांच्या वाट्याला हे येणार. आम्ही ‘ऱ’वाली पद्धत ठरवली आणि मेटाडेटा एकगठ्ठा बदलायच्या खिडकीत सर्च अँड रिप्लेस चालवून सगळी यादी धुऊन काढली. अदृश्य चिन्ह शोधायचं तर ते कुठून तरी कॉपी करून चिकटवता येतं, एवढं लक्षात ठेवा.

टोपणनावांवर मंडळात अजून खडाजंगी चालू आहे. गडकऱ्यांची कविता ‘गोविंदाग्रज’ नावाने, विनोदी लेखन ‘बाळकराम’ नावाने, नाटकं राम गणेश गडकरी म्हणून. मी म्हणतो, लेखकाच्या रकान्यात मुखपृष्ठावरचं नाव आणि ऑथर सॉर्टमध्ये, म्हणजे यादीचा क्रम लावणाऱ्या रकान्यात, ‘गडकरी, राम गणेश’. तिन्ही एका जागी येतात आणि पुस्तकाशीही इमान राहतं. मुखपृष्ठावरचं ‘रा. रा.’ आणि ‘बी. ए., एलएल. बी.’ मात्र लेखकाच्या रकान्यात नको, ते वर्णनात टाका.

तारखेचा रकाना इसवी सन मागतो आणि आपली पुस्तकं शके सांगतात. शके 1830 म्हणजे गुढीपाडव्यापासून 1908, पण पुस्तक पौषाच्या उत्तरार्धात किंवा माघ-फाल्गुनात निघालं असेल तर 1909. नुसते 78 मिळवून चालत नाही, महिना बघावा लागतो. इकडे गुजरातीशेजारी छापलेल्या पुस्तकांवर संवतही सापडतो आणि गुजरातचा संवत कार्तिकात बदलतो: संवत 1972 म्हणजे 1915 ची दिवाळी उलटल्यापासून पुढच्या दिवाळीपर्यंत.

श्रीसयाजी साहित्यमालेची पुस्तकं आली की मालिका आणि क्रमांक हे रकाने सोन्यासारखे वाटतात. पुष्पाचा आकडा मुखपृष्ठावर असतोच. पण या मालेत भाषांतरं बरीच, आणि कॅलिबरमध्ये अनुवादकाला घर नाही. स्वतःचा कॉलम करता येतो, पण तो इतर अॅपना समजत नाही. अशा पुस्तकांसाठी मी पॅनडॉक या ई-पब बनवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामकडे वळलोय. त्याच्या मेटाडेटा फाइलमध्ये सहकार्य करणाऱ्याची भूमिका ‘अनुवादक’ अशी नोंदवता येते, आणि भाषा मराठी लिहिली की ती पुस्तकाच्या माहितीत आणि प्रत्येक प्रकरणाच्या पानातही उतरते. हे पानातलं लिहिणं महत्त्वाचं: नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये भाषा मराठी असली की ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे. वाचून दाखवणारं अॅपही आवाज यावरूनच निवडतं.

पॅनडॉकची एक खोड: ओळखक्रमांक दिला नाही तर ते दर वेळी नवा बनवतं. मग प्रुफं सुधारून पाठवलेली प्रत वाचकाच्या अॅपला नवंच पुस्तक वाटते आणि खुणा जुन्या प्रतीतच राहतात. या पुस्तकांना आयएसबीएन असण्याचा प्रश्नच नाही, म्हणून प्रत्येकाला एकदाच यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा ओळखक्रमांक) काढून तो मेटाडेटा फाइलमध्ये कायमचा लिहून टाकलाय.

सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये ग्रंथालयांची घडी बसवायला अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतलं होतं. त्यांच्यापुढे आमचे हे वाद ठेवले असते तर बहुधा दुपारच्या चहाआधी निकाल लागला असता.

कॅलिबर वापरणाऱ्यांना एक विनंती. तुम्ही तिथे केलेले बदल आधी कॅलिबरच्या डेटाबेसात जातात, ई-पबच्या पोटात नव्हे. लायब्ररीच्या फोल्डरातून फाइल थेट उचलून पाठवली तर तिच्यात जुनाच ‘युजर’ निघेल. आधी एम्बेड मेटाडेटा करा किंवा सेव्ह टू डिस्कने बाहेर काढा, मग ग्रुपवर टाका. पुढच्या खेपेला मुखपृष्ठं: वर्डमधलं पहिलं मोठं चित्र कॅलिबर आपणहून मुखपृष्ठ समजतं आणि आमच्याकडे त्या जागी ग्रंथालयाचे शिक्के येऊन बसलेत.