मक्याचा उपास

शनिवार, १३ सप्टेंबर
आज मक्या घरी आला. दीड महिन्याचं कॉर्न स्नेकचं पिल्लू. लांबी जेमतेम फूटभर, जाडी पेन्सिलीएवढी, वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९ ग्रॅम. केशरी अंगावर विटकरी ठिपके आणि पोटाखाली काळा-पांढरा पट. ही पोटाची नक्षी रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते म्हणून हे नाव पडलं, असं म्हणतात. दुसरी कथा अशी की अमेरिकेत मक्याच्या कोठारांत उंदरांमागे हे साप सापडायचे. कारण कुठलंही असो, लेकीने आधी कणीस ठरवलं आणि गाडीत बसेपर्यंत त्याचा मक्या झाला.

इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये, हा साप पाळायला परवाना लागत नाही. गावाकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने धामणसुद्धा घरात ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मी शिराळ्याचा. बत्तीस शिराळ्याच्या माणसाने साप विकत आणलाय म्हटल्यावर गावातले हसतील. तिकडे तो आपणहून येतो.

आईला फोनवर सांगितलं. दिवेलागणीची वेळ, त्यामुळे तिने 'साप' हा शब्दच उच्चारला नाही. "आरं, घरात लांबडं आणलंस व्हय? आन् पोरीच्या खोलीत?" मग थोडं थांबून, "दूध दिलंस का?"

सापाला दूध पचत नाही, तहानेने जीव जात असेल तर तो काहीही पितो, हे मी तिला पंचवीस वर्षं सांगतोय. नागपंचमीआधी मडक्यात ठेवलेले नाग मी लहानपणी पाहिलेत. तेव्हा मीही वाटी पुढे धरली होती.

मंगळवार, १६ सप्टेंबर
विकणाऱ्याने बजावलंय की पहिला आठवडा हात लावायचा नाही. पेटीची एक बाजू गरम, तिशीच्या आसपास. दुसरी थंड, बावीस-चोवीस. सापाला अंगची ऊब नसते, तो या टोकाकडून त्या टोकाकडे सरकत आपलं तापमान स्वतः जमवतो. म्हणून दोन्हीकडे लपायला जागा हवी, नाहीतर भीतीपोटी तो नको त्या तापमानात बसून राहतो. दुकानातली प्लॅस्टिकची गुहा महाग वाटली. मी नारळाच्या दोन करवंट्या घासून, कडेला खाच पाडून पालथ्या घातल्या. आतून खोबरं खरवडताना विळी नाही म्हणून बोट कापून घेतलं.

मक्या गरम करवंटीखाली असतो. असतो म्हणजे मी दिवसातून चार वेळा उचलून बघतो म्हणून कळतं.

शनिवार, २० सप्टेंबर
पहिलं जेवण. पिंकी म्हणजे अंगावर केस न आलेलं उंदराचं पिल्लू, गोठवलेलं. ते आईस्क्रीमच्या डब्यात, ओल्या खोबऱ्याच्या शेजारी ठेवलंय. आमच्या घरात आईस्क्रीमच्या डब्यात आईस्क्रीम कधीच निघत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी बायकोने त्यावर मार्करने मोठी फुली मारली. सोमवारी घट बसतात. तिचे नऊ दिवस उपास, आणि फ्रीजरमध्ये उंदीर. ती काही बोलली नाही, पण खोबरं खालच्या खणात गेलं.

पिंकी पिशवीत घालून कोमट पाण्यात वितळवली (मायक्रोवेव्हमध्ये फुटते, ऐकीव आहे, पडताळायची इच्छा नाही), चिमट्यात धरून समोर नेली. मक्याने जीभ दोनदा लपकावली, शेपटीचं टोक थरथरवलं आणि मागे सरकून मान इंग्रजी एससारखी वळवली. चावला असता तरी गुलाबाच्या काट्याएवढंच लागलं असतं. मीच दचकलो. पिंकी रात्रभर आत ठेवली. सकाळी तशीच.

बुधवार, २४ सप्टेंबर
पुन्हा नाही. आईचा फोन: "खातंय का न्हाई?" आमच्याकडे कुणी जेवत नसेल तर त्याच्या पानाशी बसतात, एक घास माझा म्हणतात. मीही पेटीशी बसलो. अर्धा तास चिमटा हलवत. करवंटी काढली, परत ठेवली, पाणी बदललं, पुन्हा करवंटी काढली.

शनिवार, २७ सप्टेंबर
मक्या पाण्याच्या भांड्यात वेटोळं करून बसलेला दिसला. फक्त नाक वर. लेक म्हणाली, "पोहतोय!" मला बरं वाटलं नाही. लेसरचा तापमापक रोखला तर गरम करवंटीखाली ३८. थर्मोस्टॅटवर मी लावलेला आकडा ३०, आणि खाली ३८!

वायरीचा माग काढत गेलो. तापमान मोजणारं टोक हीट मॅटला, म्हणजे पेटीला ऊब देणाऱ्या विजेच्या चटईला, टेपने चिकटवलेलं होतं. ते निसटून गार हवेत लोंबत होतं. थर्मोस्टॅटला बिचाऱ्याला वाटत होतं अजून थंडी आहे, तो मॅट तापवतच राहिला. टोक निसटलं कसं? वायर करवंटीच्या बाजूने जाते. मी ती रोज चार वेळा उचलत होतो.

टोक नीट बसवलं. दोन टेप, वर खूण. पेटीला तीन बाजूंनी वर्तमानपत्र लावलं. पाणी सोडून कशालाही हात लावायचा नाही असं लेकीने मला सांगितलं. मी तिला नाही, तिने मला.

बुधवार, १ ऑक्टोबर
दहा वाजता, दिवा मालवून, पिंकी करवंटीच्या खाचेपाशी ठेवली आणि खोलीबाहेर गेलो. दाराच्या फटीतून बघायचा मोह होता. बघितलंच, पण मोबाईलचा उजेड न पाडता.

आधी फक्त जीभ. मग डोकं. तो पिंकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जीभ लावत गेला, जणू पाकिटावरचा पत्ता वाचतोय. नाकाच्या बाजूने धरली. जबड्याची उजवी बाजू एक पाऊल पुढे, मग डावी, मग उजवी. आपण पायजम्यात नाडी सरकवतो तसं. शेवटी दोन गुलाबी पाय बाहेर राहिले, तेही गेले. नंतर त्याने चक्क जांभई दिली, जबडा जागेवर बसवायला. मधोमध वाटाण्याएवढा फुगवटा.

बायको म्हणाली, "माझ्या आधी याने सोडला." उद्या दसरा.

दोन दिवस उचलायचं नाही, नाहीतर खाल्लेलं बाहेर काढतो. आता हे सांगायला नको.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
काल दुसरी पिंकीही गेली. आज मात्र डोळे निळसर, दुधाळ, मोतीबिंदू झाल्यासारखे. कात टाकायची तयारी. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, तोही कातेबरोबर निघतो. राहिला तर त्रास. शेवाळं भिजवून एका डब्यात ठेवलंय. हो, आईस्क्रीमच्याच.

बुधवार, १५ ऑक्टोबर
सकाळी कात मिळाली. अखंड, उलटी निघालेली, पायमोज्यासारखी. लेकीने भिंगातून डोक्याकडचा भाग तपासला. दोन्ही डोळ्यांच्या टिकल्या आहेत.

आई म्हणाली, "टाकू नको. तिजोरीत ठेव." आमच्याकडे तिजोरी नाही, पासपोर्टची फाईल आहे. त्यात ठेवली. मग तिने विचारलं, "आता कवा खातंय?"

उद्या. पिंक्या दोनच उरल्यात.