भांडी किती घेतलीस?

आमच्या महाविद्यालयात संशोधन-प्रस्तावांची फेरी असते तेव्हा एक नियम मी हट्टाने पाळायला लावते. सादरीकरण झालं की प्रश्न दुसऱ्या विभागांच्या मुलांनी विचारायचे, स्वतःच्या विभागाने गप्प बसायचं. सूक्ष्मजीवशास्त्राची मुलं एकमेकांना काय विचारणार? मीडियम कुठलं, इन्क्युबेशन किती तास. काही सहकाऱ्यांना हे आवडत नाही, 'आपली मुलं परक्यांसमोर उघडी पडतात' म्हणतात. पडू देत. पुढे 'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला गेल्यावर कोण विचारणार आहे ते काय आधी कळणार आहे?

यंदा आमच्या विभागाच्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीने विषय घेतला तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचा. शीर्षक वाचूनच एका परीक्षकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. विषय जुना आहे, खरंच. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ई. कोलाय, साल्मोनेला, कॉलऱ्याचे जंतू मुद्दाम मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं होतं. नंतर त्यातून ते जंतू वाढवता आले नाहीत. मुलीने हे स्वतःहून सांगितलं. तिला तोच प्रयोग आपल्या गावच्या बोअरच्या पाण्यावर करायचा होता. पद्धत नेहमीची: ठरावीक वेळाने नमुना काढायचा, ०.१ मिली जंतूंचं खाद्य भरलेल्या प्लेटवर पसरायचा, एकेका जंतूपासून वाढलेले ठिपके, म्हणजे कॉलनी, मोजायच्या.

भौतिकशास्त्राचा मुलगा उठला. "तुझ्या पद्धतीचं लघुत्तम माप किती?"

कमीत कमी किती मोजता येतं, हा प्रश्न आमच्या विभागात या शब्दांत कधीच कुणी विचारत नाही. ०.१ मिलीत एक कॉलनी, म्हणजे एका मिलीला १० जंतू. त्याहून कमी असले तर प्लेट बहुधा कोरी राहणार आणि आपण वहीत शून्य लिहून मोकळे होणार. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, मात्र १०० मिलीत एकही ई. कोलाय सापडता कामा नये म्हणतं. अख्खं १०० मिली गाळून बघायची मेम्ब्रेन फिल्टरची पद्धत आमच्याकडे आहे, पण फिल्टर महाग, त्यामुळे ती एका प्रात्यक्षिकापुरती कपाटातून बाहेर येते. बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर हाताळणाऱ्या मुलाने आमच्या शून्याला हात घातला, याचं मला फार कौतुक वाटलं.

मग रसायनशास्त्राची मुलगी. "नमुन्याच्या थेंबाबरोबर तांब्याचे आयनही प्लेटवर जाणार ना? मग जंतू भांड्यात मेले की प्लेटवर, कसं कळणार?" तिने उपायही सुचवला: नमुना काढताक्षणी त्यात ईडीटीए घालायचं, ते तांब्याला धरून ठेवतं. आमची मुलगी लगेच म्हणाली, "पण ईडीटीएमुळे ई. कोलायचं बाहेरचं आवरणही सैल होतं. मग तुलनेसाठी नुसत्या ईडीटीएचं कंट्रोल वेगळं लावायला लागेल." वेळेची घंटा झाली होती. मी ती ऐकली नाही.

संख्याशास्त्राच्या मुलाने दोनच शब्द विचारले. "भांडी किती?"

"तांब्याचं एक, स्टीलचं एक. पण प्रत्येक वेळी तीन-तीन प्लेट."

"मग तांब्याचा नमुना एकच झाला."

तीन प्लेट एकाच भांड्यातल्या असतील तर त्यांवरून आपला हात किती सारखा चालतो तेवढंच समजतं. तांब्याच्या भांड्यांबद्दल बोलायचं तर भांडी अनेक हवीत, आणि तीही एकाच दुकानातली नकोत. छापून आलेल्या निबंधांतही हा घोळ दिसतो, आणि तो पकडायला संशोधन पद्धतीच्या आमच्या अख्ख्या पेपरमधलं काही उपयोगी पडत नाही.

शेवटी मागच्या बाकावरून प्राणिशास्त्राची एक मुलगी म्हणाली, "आमच्याकडे हंडा आठवड्याने घासतात. मधल्या दिवसांत काळा पडतो. तू तर लॅबमध्ये चकचकीत करूनच घेणार ना?"

आमची मुलगी जरा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मॅडम, मला विषय बदलायचाय." आणि फळ्यावरचं शीर्षक पुसून तिने लिहिलं: चिंचेने घासल्यापासून दिवस उलटतात तसा परिणाम कमी होतो का?

तिला 'उद्दिष्टांची स्पष्टता' या रकान्यात सगळ्यांत कमी गुण मिळाले. शेरा: ऐन वेळी विषय बदलला, तयारी अपुरी. पहिला आला तो प्रस्ताव देखण्या पोस्टरचा, अडचणीच्या प्रत्येक प्रश्नाला त्याचं उत्तर होतं, "ते भविष्यातील व्याप्तीत घेतलंय."

परीक्षकांशी मी बोलले. त्यांचं म्हणणं, लिहून दिलेल्या प्रस्तावालाच गुण द्यायचे. नाहीतर प्रत्येक जण फळ्यावर नवा विषय मांडेल. यात तथ्य आहे, म्हणूनच हा पेच मला सुटत नाही. 'प्रश्न ऐकून केलेली सुधारणा' असा रकाना वाढवावा असं मी सुचवलं, तेव्हा आमच्याच एका प्राध्यापकांनी विचारलं, "मग पुढच्या वर्षी मुलं मुद्दाम चूक ठेवून येणार नाहीत कशावरून?" येतील. गुणांसाठी आपण त्यांना काय काय करायला शिकवलंय ते मी रोज बघते. तरीही ज्या मुलीने तासाभरात माझ्या डोळ्यांदेखत प्रश्न विचारायला शिकून दाखवलं, तिच्या कागदावर 'अपुरी' हा शब्द आहे, आणि तो मला सहन होत नाही.

स्पर्धेबाहेर का होईना, काम सुरू केलंय. प्रश्न विचारणारे चौघंही त्यात आहेत. गावातल्या घरोघरी जाऊन वापरातल्या हंड्यांतलं पाणी घ्यायचं, शेवटचं कधी घासलं ते विचारायचं. पहिल्याच फेरीत सगळ्या घरांत उत्तर एकच आलं: काल. कॉलेजची मुलं तपासायला येणार म्हटल्यावर बायकांनी आदल्या रात्रीच हंडे लख्ख करून ठेवले होते. संख्याशास्त्राचा मुलगा म्हणतो, यायचा दिवस सांगायचाच नाही. आमची मुलगी म्हणते, न सांगता कुणाच्या स्वयंपाकघरात शिरायचं नाही. यावर अजून भांडण चालू आहे.